दाराजवळची खुर्ची

आमच्या माउंट नेबो बॅप्टिस्ट मंडळीत उपदेशकाला एकट्याला बोलू देणं म्हणजे त्याचा अपमान. तो वाक्य टाकतो, आम्ही झेलतो. "बरोबर!" "बोला, रेव्हरंड!" "अहो, सांगा की त्यांना!" रेव्हरंड टिल्मन सुरुवात करतात ती पोस्टातल्या कारकुनासारखी, चष्मा पुसत, घसा खाकरत. मग हळूहळू त्यांचा श्वास वाक्याच्या मध्येच अडकायला लागतो, शेवटाला एक हुंकार येतो, ऑर्गनवर बसलेला डेल्रॉय तो हुंकार बोटांनी उचलतो, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं हे एका प्रभूलाच ठाऊक. मी समुद्र एकदाच पाहिला. बरा होता. पण अलाबामातल्या आमच्या हार्लो बेंड गावात दर रविवारी दुपारी जे उसळतं, त्याच्यापुढे तो मला जरा शांतच वाटला.

आणि एखादा नवखा उपदेशक उभा राहिला, मध्येच अडला, शब्द सापडेना झाला, की खरी कसोटी आमची. "सावकाश, बाळा, सावकाश." "प्रभू, हात दे त्याला." कुणी गप्प राहत नाही. माणूस बुडताना काठावर हाताची घडी घालून उभं राहणं आणि बोलणारा अडल्यावर गप्प बसणं, यांत आम्ही फरक करत नाही.

माझ्या बहिणीची, व्हर्लीनची, मुलगी केटुरा याच बाकांवर वाढली. नवखा अडला की तीही "सावकाश" म्हणायची. ते चालायला शिकण्याआधीच अंगात भिनलेलं. पण त्यापुढचं आमेन मात्र तिच्या तोंडून निघत नसे. सगळी मंडळी उभी राहून हात हलवत असायची आणि ही कपाळाला आठी घालून पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पानं चाळत असायची. उपासना संपली की दारात रेव्हरंडना गाठायची.

"रेव्हरंड, येशूच्या गोष्टीतल्या त्या उधळ्या मुलाचा थोरला भाऊ रागावला, त्यात त्याचं काय चुकलं? घरी राबला तो, आणि बापाने वासरू कापलं पैसे उडवून परतलेल्या धाकट्यासाठी."

रेव्हरंड तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. "प्रार्थना कर, मुली. उत्तर मिळेल."

"केली. उत्तर मिळालं: तुम्हाला विचार."

रेव्हरंड खदखदून हसायचे, आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, "काय हुशार पोर आहे गं बाई!" आणि विषय संपायचा. हाच तर तिचा त्रास होता. एकदा माझ्या गाडीत ती म्हणाली, "मावशी, मला इथे कुणी 'नाही' म्हणतच नाही. मी उद्या म्हटलं की नोहाचं तारू कागदाचं होतं, तरी मदर प्रूड म्हणतील, देव तुझं भलं करो."

"मग करू दे की भलं."

"मला भलं नकोय. मला भांडण हवंय."

ते भांडण मिळण्याची जागा तिने शोधून ठेवली होती. दोन परगणे ओलांडून पलीकडे कॅल्डर ख्रिस्ती विद्यापीठ आहे. तिथे तिला प्रवेश मिळालेलाच होता. पण त्या विद्यापीठाच्या आत आणखी एक विद्यापीठ होतं, त्याला ऑनर्स म्हणायचे. चार वर्षं निवडक मुलं एका टेबलाभोवती बसतात, मध्ये एक पुस्तक, आणि त्या पुस्तकावरून वाद घालतात. केटुरा हे सांगायची तेव्हा तिचा आवाज खाली यायचा, जसा आमचा स्वर्गाबद्दल बोलताना येतो. "आणि तिथे, मावशी, आमेन म्हणायची पद्धतच नाही."

त्यांच्या माहितीपत्रकावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं: आम्ही नम्र नेते घडवतो. ऑनर्सच्या मुलांना राहायला वेगळी इमारत, वाचायला वेगळी खोली, गाडी लावायला वेगळी जागा. दुसऱ्यांची सेवा करायला ते सोईचं पडत असावं.

मुलाखतीच्या आदल्या रविवारी मदर प्रूड उभी राहिली. युलालिया प्रूड ही आमच्या मंडळीची सर्वांत ज्येष्ठ माता. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, आणि ती उभी राहिली की रेव्हरंडसुद्धा बसतात.

"केटुरा, उभी राहा, बाळ. मंडळी, देवाने या मुलीला ऑनर्समध्ये बसवलं, त्याबद्दल त्याचे आभार मानू या."

"मदर, अजून मुलाखतसुद्धा झाली—"

"म्हणूनच तर आत्ता. मिळाल्यावर आभार काय, नास्तिकही मानतो."

झालं. टाळ्या, डेल्रॉयचा ऑर्गन, मागच्या सभागृहात तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड, आणि एक मोठा केक, त्यावर निळ्या साखरेने "अभिनंदन". ही आमची जुनीच रीत. जे मागितलं ते मिळालंच असं धरून आधी स्तुती करायची. देवाला मग मागे फिरता येत नाही. केटुरा हातात केकची बशी घेऊन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"आणि नाही मिळालं तर?"

"असं बोलू नये."

"मावशी, अख्ख्या मंडळीने केक खाल्लाय. आता मी परत कशी येऊ?"

मी तिच्या बशीत आणखी एक तुकडा वाढला.

मुलाखतीच्या दिवशी व्हर्लीनची इस्पितळात कामाची पाळी होती, म्हणून गाडी मी काढली. पुढच्या सीटवर मदर प्रूड. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती टोपीची पेटी मांडीवर घेऊन फाटकाशी उभी होती, आणि मंडळीच्या मातेला रस्त्यावर सोडून जायची माझी छाती नाही. मागे केटुरा आपलं म्हणणं घोकत होती. चर्चेसाठी येशूचा एक दाखला, म्हणजे बोधकथा, आधीच कळवला होता: लग्नाच्या जेवणाला बोलावलं तर मानाच्या जागी बसू नका, सगळ्यांत शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, मित्रा, असा वर ये.

"माझं म्हणणं असं," केटुरा म्हणाली, "की वर बोलावतील म्हणून जो खाली बसतो, त्याचा डोळा वरच्याच खुर्चीवर आहे. तोही मानच शोधतोय, फक्त लांबच्या वाटेने. म्हणून मला वाटतं, येशू शिकवण देत नव्हता. तो त्या पाहुण्यांची थट्टा करत होता."

"आमेन," मदर प्रूड म्हणाली.

"मदर! हे तुम्हाला पटता कामा नये. तुम्ही रागवायला हवं."

"कशाला रागावू गं? किती गोड बोललीस."

केटुराने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं.

विद्यापीठ सुंदर होतं. विटांच्या इमारती, पांढरे खांब, आणि हिरवळ अशी की तिच्यावर पाय ठेवायचा तर आधी पश्चात्ताप करावा. सगळीच माणसं इतकी सभ्य की थंड चहाचा पेला कुणी आधी घ्यायचा यावरून टेबलाशी रांग अडली होती. एक उंच गृहस्थ आमच्याशी येऊन बोलले. "आमचा ब्रॅन्सन शाळेतल्या नम्रता मंडळाचा अध्यक्ष आहे. दोनदा निवडून आलाय."

"विरोधात कुणी होतं?" मदर प्रूडने विचारलं.

"होता एक मुलगा. पण फार गर्विष्ठ."

चर्चेच्या खोलीत लांबट टेबल होतं. या विद्यापीठाची पद्धत अशी की उमेदवार टेबलाभोवती, परीक्षक वह्या घेऊन कोपऱ्यात, आणि घरची माणसं भिंतीला लागून, तोंड मिटून. डीन डॉ. हॅलिडे दारात उभे होते. सडपातळ माणूस, आवाज असा की शेजारी कुणी आजारी झोपलं असावं. "या, बसा, कुठेही बसा," ते म्हणाले.

कुठेही! दाखला सगळ्यांनीच वाचला होता. दाराजवळ, टेबलाच्या अगदी खालच्या टोकाला, एक खुर्ची होती, जरा डुगडुगणारी. ब्रॅन्सन तिच्याकडे निघाला. त्याच वेळी पलीकडून मोत्यांची माळ घातलेली एक मुलगी निघाली. दोघांचे हात एकदमच खुर्चीच्या पाठीवर पडले.

"नाही, नाही, तू तिकडे वर बस."

"छे, मी इथेच बरी. तू बस ना वर."

"मला खरंच इथे आवडतं."

मागून आणखी तिघं आले आणि त्या खुर्चीच्या डाव्याउजव्या हाताच्या जागांवर तुटून पडले, सगळे हसतमुखाने, एकमेकांना कोपरं लावत. ब्रॅन्सनच जिंकला. नम्रतेत त्याचा सराव जास्त होता. हे सगळं होईपर्यंत केटुरा भिंतीशी उभी राहून डोळे मोठे करून पाहत होती, आणि गर्दी निवळली तेव्हा एकच जागा उरली होती: टेबलाच्या वरच्या टोकाला, डीनसाहेबांच्या उजव्या हाताशी, हात टेकायला गाद्या असलेली. ती तिथे जाऊन बसली. आमच्यासारखी काळ्या रंगाची ती त्या टेबलाशी एकटीच होती, त्यामुळे दिसायची ती जास्तच दिसली. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तिचा मुद्दा तिच्या डोळ्यांदेखत खुर्च्या ओढून बसला होता. आता फक्त तोंड उघडायचं होतं.

पण डीनसाहेबांनी सुरुवात दुसऱ्याकडून केली. अँसेल व्होइट नावाचा एक मुलगा, मानेपर्यंत बटणं लावलेला, बापाचा गाईंचा गोठा असणार हे हातांवरून कळत होतं. तो म्हणाला, "मला वाटतं... या दाखल्यात जो... म्हणजे यजमान जो आहे, तो..." आणि अडला. कान लाल झाले. खोलीत शांतता पसरली. तशी शांतता मी कुठल्या चर्चमध्ये ऐकलेली नाही. सगळे त्याच्याकडे सौम्यपणे पाहत होते आणि त्याच्या बुडण्याची वाट बघत होते, म्हणजे मग आपला नंबर. ब्रॅन्सनने तर श्वास भरूनही घेतला होता.

"सावकाश," केटुरा म्हणाली. "सावकाश बोल. आम्ही आहोत."

तिने ठरवून म्हटलं नव्हतं. मी तिला ओळखते. शिंक यावी तसं ते आलं.

"प्रभू, हात दे लेकराला," भिंतीकडून मदर प्रूड म्हणाली, चांगली मोठ्याने.

डीनसाहेबांनी मान वर केली. पण त्या मुलाला हात सापडला होता. "तो यजमान," अँसेल म्हणाला, "तो येऊन शोधतो ना! खाली कोण बसलंय ते तो स्वतः बघायला येतो."

"बोल!" केटुरा.

"आमच्याकडे गोठ्यात बाप तसाच येतो. आधी मागच्या गाईकडे जातो. जी पुढे येत नाही तिच्याकडे."

"अगंबाई, बोल रे बाळा!" मदर प्रूड. आणि मग, देवा मला क्षमा कर, मीही म्हटलं. गप्प बसणं मला जमलंच नाही. त्या पोराने इतकं सुरेख बोलावं आणि आपण भिंत व्हावं?

त्यानंतर त्या खोलीला आवरणं अवघड होतं. मोत्यांच्या माळेवाली आपलं पाठ केलेलं बोलायला लागली, दुसऱ्या वाक्यात विसरली, केटुराच्या तोंडून पुन्हा "सावकाश" निघून गेलं, आणि त्या मुलीने पाठांतर सोडून दिलं. आपल्या आजीबद्दल बोलली, जी प्रत्येक लग्नात स्वयंपाकघरातच जेवायची. बोलता बोलता रडली. ब्रॅन्सनचे वडील "खरंय" म्हणाले आणि स्वतःच दचकले. मी केटुराकडे पाहत होते. दर वेळी ती पुढे झुकायची, तोंड उघडायची, आता ती आपलं म्हणणं मांडणार, आणि तेवढ्यात कुणीतरी अडखळायचं, आणि तिच्या तोंडून "नाही" ऐवजी "हो, पुढे?" बाहेर पडायचं. शेवटी डीनसाहेब समारोपाला उभे राहिले. त्यांचा तो आजाऱ्याच्या खोलीतला आवाज जरा वर चढला. मदर प्रूड म्हणाली, "बोला, साहेब!" आवाज आणखी चढला. वाक्याच्या शेवटी त्यांचा श्वास अडकला, अगदी जिथे अडकायला हवा तिथे. मी शपथेवर सांगते, तिथे डेल्रॉय असता तर त्याने तो माणूस उचलला असता. पण घंटा वाजली, डीनसाहेबांनी टाय सारखा केला, सर्वांचे आभार मानले, आणि जाताना मदर प्रूडचं नाव तेवढं विचारून घेतलं.

केटुरा स्वतःचं एक वाक्यसुद्धा बोलली नव्हती.

परतताना ती मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. "नाही म्हणायला गेले होते मी. आणि तासभर हो हो करून आले."

"पण बाळ, किती लोकांना तू वाचा दिलीस," मदर प्रूड म्हणाली.

"मला माझी वाचा हवी होती, मदर. तेवढ्याचसाठी गेले होते. आता ते मला घेणार नाहीत, आणि घेऊ नयेच. बोलत नाही तिला वाद घालायच्या वर्गात कशाला घ्यायचं?"

"आ—"

"मदर, तुमच्या पाया पडते. आमेन म्हणू नका."

मदर प्रूडने तोंड मिटलं. मी तिला ओळखते तेव्हापासून हे पहिल्यांदाच घडलं, आणि गाडी हार्लो बेंडला पोचेपर्यंत ते मिटलेलंच राहिलं.

पुढच्या शनिवारी दुपारी फोन आला. आम्ही व्हर्लीनच्या स्वयंपाकघरात होतो. मदर प्रूड वाटाणे सोलत होती, व्हर्लीन कढईत कोंबडीचे तुकडे सोडत होती, आणि केटुराचे हात मनगटापर्यंत पिठात, म्हणून मीच फोन टेबलावर ठेवून त्याचा आवाज मोठा केला.

"केटुरा गेन्स? मी डॉ. हॅलिडे. अभिनंदन. ऑनर्समध्ये तुझी निवड झाली आहे, आणि आमच्या सगळ्या परीक्षकांनी तुझं नाव पहिलं लिहिलं."

व्हर्लीनने हातातला झारा खाली ठेवला आणि एप्रनने डोळे पुसले.

"बोलणारे आमच्याकडे पुष्कळ येतात," डीनसाहेब सांगत होते. "ऐकणारी तू एकटीच आलीस. त्या दिवशी त्या टेबलाशी खरोखर शेवटच्या जागेवर कुणी बसलं असेल तर ती तू."

गाद्यांच्या खुर्चीत बसली होती ती, त्यांच्या उजव्या हाताशी. पण हे काढायची वेळ नव्हती.

"स्तुती असो!" मदर प्रूड म्हणाली.

"अरे, मदर प्रूड आहेत वाटतं तिथे? नमस्कार, मदर."

व्हर्लीन हाताने खुणा करत होती: आभार मान, आभार मान. केटुरा पिठाच्या हातांनी तशीच उभी. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं काय चाललंय ते. जागा मिळाली होती. नुसतं "थँक यू, सर" म्हटलं की झालं. मंडळी सुखी, आई सुखी, आणि मग चार वर्षं सगळे तिच्याकडे त्या "सावकाश"साठी बघणार. मी मनात म्हणत होते, पोरी, आज एकदा म्हण, एकदाच. पुढे काय भांडायचं ते भांड.

"सर," केटुरा म्हणाली, "मला त्यातलं काहीच पटलं नव्हतं."

"काय?"

"तुम्ही सगळे जे बोललात ते. मी हो हो केलं, कारण आमच्याकडे अडलेल्याला तसं सोडत नाहीत. पण मला पटलं नव्हतं. सर, तुमची सगळी मुलं दाराजवळच्या खुर्चीसाठी भांडत होती. म्हणजे तीच मानाची खुर्ची झाली ना? मला वाटतं येशू अशांची थट्टा करत होता, आणि तुम्ही त्या थट्टेवर वर्ग चालवताय."

व्हर्लीनने झाऱ्याकडे असं पाहिलं की तो कुणाच्या तरी डोक्यात घालावा. कढईतलं तेल तेवढं तडतडत होतं. मदर प्रूडच्या ओठांवर "सावकाश" आलेलं मला दिसलं, आणि मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला.

"नाही," डीनसाहेब म्हणाले.

केटुराने मान वर केली.

"नाही, केटुरा. जागा दिली ती दिली, ती मी परत घेत नाही. पण हे म्हणणं मी घेणार नाही. थट्टा करणारा माणूस पुढे वाट दाखवत नाही. इथे यजमान उठून खाली येतो. ते तू सोडूनच दिलंस."

"सोडलं नाही सर, पण तो आलाच नाही तर? खाली बसलेल्याने जन्मभर तिथेच बसायचं? त्याबद्दल दाखला एक अक्षर बोलत नाही."

"बोलतो. तू घाईने वाचलंयस."

घाईने वाचलंयस! असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने पिठाच्या हातानेच फोन उचलला, कानाला लावला, पायाने खुर्ची ओढली आणि बसली. आता पलीकडचं आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, ऐकू येत होतं ते एवढंच: "नाही, सर." मग बराच वेळ ऐकणं. मग, "नाही, सर, मुळीच नाही." गालाला पीठ लागलेलं, एक चप्पल टेबलाखाली कुठेतरी गेलेली, आणि चेहरा असा, की मी तसा रविवारी दुपारी इतरांचा पाहिलाय, ऑर्गन खालून वर येतो त्या घटकेला. तिचा तसा पहिल्यांदाच पाहत होते.

मदर प्रूडने वाटाण्यांचं भांडं बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे झुकली. "लोरेटा, गेली वाटतं गं जागा?"

"नाही, मदर."

"मग एवढं नाही नाही काय चाललंय?"

केटुराने फोन हाताने झाकला. डोळे चमकत होते. "मावशी, शास्त्र कुठाय? दे ना लवकर," ती म्हणाली. "हा माणूस ऐकतच नाही!"